शाईचं पेन अडखळतंय? निबला हात लावायच्या आधी हे करा

शाईच्या पेनात बिघडण्यासारखं फार काही नसतं. शाईची टाकी, निब, निबच्या पोटाशी चिकटून बसलेली काळी जीभ (हिला आता सगळे फीड म्हणतात) आणि टोपण. तरीही पेन अडखळायला लागलं की आपला हात पहिल्यांदा निबकडेच जातो. दाबून गिरवायचं, पेन झटकायचं, तेही जमलं नाही तर दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन निबच्या चिरेत घालायचं. आमच्या शाळेत सगळेच हे करायचे.

वडिलांचं एबोनाइटचं (गंधक घालून कडक केलेल्या रबराचं) काळं पेन कपाटात सापडलं तेव्हा मीही तेच केलं. ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं आणि टोकाशी निबची चीर त्याहून कितीतरी बारीक असते. निबची दोन्ही पाती, म्हणजे चिरेच्या दोन बाजू, फाकली. आधी पेन अडखळत तरी होतं, नंतर ते लिहीनासंच झालं, कारण चीर प्रमाणाबाहेर रुंद झाली की शाई टोकापर्यंत पोचतच नाही. शेवटी पेन दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी निब काढून बाजूला ठेवली आणि जीभ पाण्याच्या वाटीत धरली. तिच्या खाचेतून निळा धागा निघाला, सरळ खाली गेला आणि वाटीच्या तळाशी पसरला. थोड्या वेळाने दुसरा. काका म्हणाले, "वाट इथे बुजली होती. निबला कशाला हात लावलास?"

ती निब पुन्हा लिहिती झाली नाही. तुमची जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. शाई नेमकी कुठे अडते ते आधी शोधायचं, सोप्या उपायापासून सुरुवात करायची, आणि निबच्या धातूला हात लावायचाच झाला तर अगदी शेवटी.

शाई टोकापर्यंत येते कशी

टाकीतली शाई जिभेवरच्या बारीक खाचेतून पुढे सरकते, निबच्या चिरेत शिरते, आणि टोक कागदाला टेकलं की कागद तिला ओढून घेतो. वातीत तेल चढतं तसंच हे. पण गोष्ट इथे अर्धीच होते. जेवढी शाई बाहेर पडते तेवढी हवा टाकीत जायला हवी. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गटगट करत थांबून थांबून पडतं, म्हणून आपण पलीकडच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो. पेनात ही दोन्ही कामं जीभ एकटी करते. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांना १८८४ साली जे पेटंट मिळालं ते याच भागाचं, आणि शाईचं पेन भरवशाचं झालं ते तेव्हापासून. जिभेच्या पोटाला कंगव्यासारखे दाते दिसतात ते जास्तीची शाई धरून ठेवण्यासाठी असतात.

अडथळा चार ठिकाणी येऊ शकतो: टाकीत, जिभेत, निबच्या चिरेत, नाहीतर निब आणि कागद यांच्यामध्ये.

लागणारं सामान

- औषधांच्या दुकानात मिळणारी कान धुण्याची रबरी पिचकारी, आणि सुई काढलेली ५ मिलिलिटरची सिरिंज
- दोन पांढऱ्या वाट्या किंवा काचेचे पेले (पांढऱ्या अशासाठी की पाण्याचा रंग दिसायला हवा)
- भांडी घासायचं लिक्विड
- टिश्यू पेपर, जुनं सुती कापड, अगदी मऊ टूथब्रश
- घड्याळजी वापरतात तसं १० पट मोठं दाखवणारं भिंग
- सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा
- ०.०५ मिलिमीटर जाडीचा पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी (मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठेही इंजिनिअरिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा)
- तुम्हाला खात्रीची वाटणारी एक साधी निळी शाई, आणि बरा कागद

शिम लगेच आणू नका. बहुतेकांना तो लागतच नाही.

१. आधी कागद, हात आणि शाई तपासा

पेन उघडण्याआधी कागद बदलून बघा. चकचकीत कागदावर आणि काही डायऱ्यांच्या गुळगुळीत पानांवर शाई धरत नाही. आपल्या हाताचं तेलही कागदाला लागतं. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात पेन छान चालतं आणि खाली, जिथे तळहात टेकून असतो तिथे, अडखळतं असं होत असेल तर पेनात काही दोष नाही. तळहाताखाली एक कागद ठेवून लिहा.

बॉलपेनवरून नुकतेच वळला असाल तर पेन धरण्याची सवयही तपासा. बॉलपेन उभं धरून दाबून लिहिलेलं चालतं. शाईचं पेन साधारण ४५ ते ५५ अंशांत तिरकं हवं आणि दाब जवळजवळ नकोच. निब हातात किंचित जरी फिरली तरी एकच पातं कागदाला टेकतं आणि अक्षर अर्धवट उमटतं. निबची चीर आकाशाकडे आहे ना, एवढं पाहा.

आणि शाई आहे ना? हा प्रश्न विचारायला हवाच, कारण रंगीत टाकीतून आतलं दिसत नाही.

२. अडथळा कुठे आहे ते शोधा

या पायरीला पाच मिनिटं लागतात आणि पुढचे कितीतरी तास वाचतात.

पेन रिकामं करून पाण्याने खळबळून घ्या, पुसून कोरडं करा. निब तिच्या मधल्या भोकापर्यंत दौतीत बुडवा, दौतीच्या काठाला टेकवून जास्तीची शाई निथळू द्या आणि लिहायला लागा.

पहिल्या ओळी सुरेख आल्या आणि मग पेन हळूहळू फिकट होत थांबलं, तर निब ठीक आहे. जिभेने धरलेली शाई तिने व्यवस्थित उतरवली. दोष मागे आहे, टाकीत किंवा जिभेत. पायरी ३ ते ५ तुमच्यासाठी.

बुडवूनही पेन अडखळत असेल तर टोक टिश्यूला हलकेच टेकवा. टिश्यूवर शाईचा ठिपका पटकन पसरला, पण कागदावर मात्र पहिली रेघ उमटत नसेल किंवा थोडं दाबल्यावरच उमटत असेल, तर निबच्या टोकावरचा धातूचा बारीक मणी फार गोल घासला गेलेला असतो. चिरेपाशी तो आत वळतो आणि शाई कागदाला टेकतच नाही. टिश्यूवरही ठिपका आला नाही तर चीर घट्ट मिटलेली आहे किंवा तिच्यात काहीतरी अडकलं आहे. या दोन्हींसाठी पायरी ६. पण तिथेही धुऊन झाल्यावरच जा.

अजून एक खूण: पेन अर्धं पान नीट लिहितं, मग सुकतं, आणि दोन मिनिटं ठेवलं की पुन्हा चालू होतं. शाई सावकाश येते आहे किंवा हवा आत जात नाही आहे. माझ्या अनुभवात यामागे बऱ्याचदा न धुतलेली जीभ असते.

३. साध्या पाण्याने धुवा, आणि घाई करू नका

नवंकोरं पेनही धुवायचं. कारखान्यातलं तेल जिभेत राहिलेलं असतं आणि तेल असलं की शाई पुढे सरकत नाही.

पाणी नळाचं, साधं. गरम अजिबात नको: जुन्या एबोनाइटचा काळा रंग गरम पाण्यात विटून तपकिरी पडतो आणि बरेचसे प्लास्टिकचे भाग वाकतात. धुवायला बसण्याआधी बेसिनच्या तोंडावर फडकं अंथरा. जीभ किंवा निब सटकून पाइपात गेली तर ती परत येत नाही.

कन्व्हर्टर (दट्ट्याने शाई ओढून घेणारी, काढता येणारी टाकी) किंवा कार्ट्रिज (शाई भरूनच मिळणारी नळी) काढा. पिचकारीत पाणी भरून तिचं तोंड, पेन जिथे आपण बोटांत धरतो त्या भागाच्या मागच्या भोकावर घट्ट बसवा आणि पाणी निबमधून हळूहळू बाहेर काढा. जोर लावू नका. रंग येतो तोवर चालू ठेवा. रबरी नळी दाबून शाई भरायची पेनं असतात, हीरोची झाकलेल्या निबची पेनं तशीच होती, त्यांना पिचकारी लागत नाही. निब पाण्यात धरून नळी दाबायची-सोडायची, तीस-चाळीस वेळा.

मग निबचा भाग वाटीतल्या पाण्यात रात्रभर उभा ठेवा. सकाळी पाणी निळं झालं असेल तर बदला. माझ्या वडिलांच्या पेनात वीसेक वर्षं शाई वाळत पडली होती. पहिल्या दिवशी पाणी गडद निळं झालं, दुसऱ्या दिवशी वाटीच्या तळाशी काळसर कपऱ्या दिसल्या. तिसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ होतं आणि मला वाटलं, झालं. म्हणून निबखाली टिश्यूची घडी धरली, तर टिश्यूवर पुन्हा निळा डाग. आणखी दोन दिवस गेले. पाण्याच्या रंगावर विश्वास ठेवू नका, टिश्यूवर ठेवा. निब खाली करून ओल्या पेनाला टिश्यू गुंडाळायचा आणि पेल्यात उभं करायचं. आतलं पाणी टिश्यू ओढून घेतो. टिश्यू पांढराच राहिला की पेन धुतलं गेलं.

बोअरचं पाणी असेल तर शेवटची खळबळ डिस्टिल्ड वॉटरने करा, नाहीतर क्षाराचा थर राहतो. बॅटरीत घालायचं म्हणून जे मिळतं ते चालतं, मात्र बाटलीवर डिस्टिल्ड वॉटर असं लिहिलेलं वाचूनच घ्या. ॲसिडची बाटली शेजारीच असते.

४. पाण्याने नाही भागलं तर साबण

पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. एकच. या पाण्याने पिचकारी मारा, अर्धा तास भिजत ठेवा आणि मग साध्या पाण्याने इतकं धुवा की फेस पूर्ण जाईल. साबण राहिला तर पुढे शाई कागदावर फुटते. तेलासाठी हा उपाय उत्तम आहे आणि कन्व्हर्टरसाठीही, ते पुढे येईलच.

स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही पेनाला लावू नका. ॲक्रिलिकला तडे जातात, सेल्युलॉइड विरघळतं. परदेशी लेखांत अमोनियाचा उपाय वाचायला मिळेल. तिथे घरकामाचा पातळ अमोनिया मिळतो. आपल्याकडे रसायनांच्या दुकानात मिळणारा फार जहाल असतो. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा आणखी चार दिवस पाण्यात ठेवा.

५. टाकी आणि जीभ

कन्व्हर्टर उजेडात धरा. शाई निबच्या बाजूला यायच्या ऐवजी मागे दट्ट्यापाशी चिकटून बसली आहे आणि पुढे हवेचा बुडबुडा आहे, असं दिसलं तर जिभेला शाई मिळतच नाही आहे. तात्पुरता इलाज म्हणजे कन्व्हर्टरवर टिचकी मारणं, किंवा दट्ट्या जरासा पुढे फिरवून शाई जिभेपर्यंत ढकलणं. कायमचा इलाज साबणाच्या पाण्याने आतून धुणं. त्यानेही नाही गेलं तर न गंजणाऱ्या स्टीलचा एक बारीक छर्रा आत टाकतात, तो हलला की बुडबुडा फुटतो. काही कन्व्हर्टर असा छर्रा घालूनच येतात. कन्व्हर्टर शेवटपर्यंत आत बसला आहे का, हेही बघा. अर्धवट बसला तर शाईऐवजी हवाच ओढली जाते.

ड्रॉपरने भरायच्या पेनात तक्रार बहुधा उलटी असते. टाकीत शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबमधून थेंब पडतो. तसं होत असेल तर शाई भरून घ्या, पेन धुवायची गरज नाही.

जीभ काढायची वेळ आली तर आधी खात्री करा की तुमच्या पेनाची जीभ आणि निब ओढून निघणारी आहे. आपल्याकडची एबोनाइटची हातबनावटीची पेनं, राजमहेंद्रीची असोत वा इतर कुठली, बहुधा अशी असतात. झाकलेल्या निबचं पेन, आणि ज्याची रचना तुम्हाला माहीत नाही असं कुठलंही पेन, ओढू नका. रात्रभर भिजवून मग निब आणि जीभ दोन्ही एकत्र सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात धरा आणि सरळ रेषेत ओढा. पिळलं तर दाते मोडतात. निबला पंखांपाशी, म्हणजे दोन्हीकडच्या रुंद कडांपाशी धरा, टोकापाशी नाही. काढण्याआधी फोनवर फोटो घ्या, म्हणजे निब जिभेवर किती पुढे होती ते नंतर कळेल.

जिभेची खाच मऊ ब्रशने धुवा. टाचणी, सुई, ब्लेड काही नको. खाच ओरखडली की शाईची चाल कायमची बदलते. परत बसवताना खाच आणि निबची चीर एका रेषेत हव्यात. त्या केसभर सरकल्या तरी पेन उपाशी राहतं.

बसवल्यावर निब आणि जीभ यांच्यामध्ये फट दिसते का? उजेडासमोर बाजूने धरून पाहा. फट असली तर शाई चिरेपर्यंत पोचत नाही. जीभ एबोनाइटची असेल तर ती गरम पाण्यात किंचित मऊ करून निबला बसवता येते: उकळून दोन-तीन मिनिटं थांबलेल्या पाण्यात फक्त निब-जिभेचं टोक अर्धा मिनिट बुडवायचं, बाहेर काढून फडक्यात धरायचं आणि जीभ अंगठ्याने निबवर दाबून थंड होईपर्यंत तशीच ठेवायची. पकडायचा भाग पाण्याबाहेर राहू द्या, नाहीतर रंग विटेल. गरम पाणी नको असं वर म्हटलं त्याला हा एकच अपवाद. प्लास्टिकच्या जिभेवर हे करायचं नाही. एबोनाइट ओळखायला बोटाने जोरात घासा, गंधकाचा वास येतो.

६. आता निब

इथवर आलात आणि पेन अजून अडखळतं, तर भिंग काढा. निब समोरून बघा: मण्याचे दोन अर्धे एका पातळीत आहेत का? एक वर, एक खाली असेल तर जे पातं खाली आहे ते नखाने हलकेच वर उचला, सोडा, परत बघा. धातू लगेच वळत नाही. दहा वेळा थोडं थोडं करा, एकदाच जास्त करू नका.

मग उजेडासमोर धरून चीर बघा. भोकापाशी जरा मोठी आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली, टोकाशी उजेडाची नुसती रेघ, अशी ती असावी. कागदाचा तंतू अडकलेला दिसला तर आता शिमची पाळी. भोकाकडून आत सरकवा आणि टोकाकडे ओढत बाहेर काढा, दोन-तीन वेळा. करवतीसारखं घासू नका.

टोकाशी उजेड मुळीच दिसत नसेल तर पाती एकमेकांना चिकटली आहेत. निब नखावर ठेवा, लिहिताना पडतो त्याहून जरा जास्त दाब देऊन पाती क्षणभर उघडू द्या, सोडा. लिहून बघा. पुन्हा एकदा. घट्ट चीर सैल करता येते. सैल झालेली चीर आवळणं मात्र घरच्या माणसाचं काम नाही.

मणी फार गोल आहे असं पायरी २ मध्ये निघालं असेल तर तो घासावा लागतो. एक-दोन स्वस्तातल्या स्टीलच्या निबांवर हात बसवल्याशिवाय हे करू नका. सोन्याची निब असेल, किंवा पेन कुणाची आठवण म्हणून जपलेलं असेल, तर सरळ जाणत्या कारागिराकडे द्या.

७. शाई बदलून बघा

ही पायरी खरं तर आधीही करता येते. काही शाया मुळातच कोरड्या, म्हणजे सावकाश वाहणाऱ्या असतात. पेलिकनची ४००१ ही त्यातली म्हणून ओळखली जाते, तर पायलटची इरोशिझुकु मोकळी वाहते. पेन तेच, कागद तोच, आणि नुसत्या शाईने फरक पडतो. मी तपासणीसाठी साधी धुण्यासारखी निळी शाई ठेवतो, म्हणजे काही चुकलं तरी पेन लवकर स्वच्छ होतं.

आपल्याकडचा मोठा सापळा वेगळाच आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या व्यवसायाने ज्याची सुरुवात केली, त्या कॅमलच्या नावाने लिहायची शाईही मिळते आणि चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकही. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात असतात. ड्रॉइंग इंक टाक किंवा ब्रशसाठी आहे. पेनात ती वाळली की पाण्यात विरघळत नाही आणि जीभ बहुधा कायमची जाते. लेबल वाचा, मुलांना दुकानात पाठवत असाल तर रिकामी दौत बरोबर द्या.

जुन्या दौतीतली शाई वापरण्याआधी हुंगून बघा. कुबट वास, वर तरंगणारा तवंग किंवा तळाशी बुळबुळीत धागे दिसले तर तिला बुरशी आली आहे. पावसाळ्यानंतर हे बघायलाच हवं. ती शाई टाकून द्या आणि ज्या पेनात भरली होती ते पायरी ३ पासून धुवा. दौतीचं तोंड उघडं राहून शाई घट्ट झाली असेल तर डिस्टिल्ड वॉटरचे थोडे थेंब घालून ती परत पातळ करता येते, पण मी नवीनच घेतो.

८. फक्त सकाळीच अडखळत असेल तर

रात्री छान चाललेलं पेन सकाळी पहिला शब्द उमटवत नसेल आणि मग दिवसभर नीट चालत असेल, तर वरच्या कशाचीच गरज नाही. टोपण बघा. स्वच्छ धुऊन, कोरडं करून त्याचं उघडं तोंड ओठांनी बंद करा आणि फुंका. हवा कुठून तरी निसटते आहे, म्हणजे रात्रभर निबवरची शाई तिथूनच वाळते. बहुतेकदा क्लिप बसवलेली जागा असते, नाहीतर टोपणाच्या काठावरचा केसासारखा तडा. क्लिपच्या फटीवर आतून मेणाचा एक थेंब बसवून बघा: मेण वेगळं वितळवायचं आणि काडीने सोडायचं, सेल्युलॉइडचं टोपण ज्योतीजवळ न्यायचं नाही, ते पेट घेतं. काही टोपणांना माथ्यावर मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, लहान मुलाने गिळलं तरी श्वास चालू राहावा म्हणून. घरात मूल असेल तर ते भोक बुजवू नका. अशा पेनाची निब सकाळी ओल्या टिश्यूला एकदा टेकवा आणि लिहायला लागा.